फोईने ठेवलेलं नाव

बा,
हवेलीतून दर्शन घेऊन आलीस की आधी बाजरीच्या डब्यात लपवलेला तुझा फोन काढून चालू कर. सकाळी ज्याला शिव्या घालून फोन आपटलास तो ठग नव्हता, तुझा केयूरच होता. त्याचा फोन बंद पडला म्हणून बिचारा नर्सबाईंच्या फोनवरून बोलत होता.

गेल्या साली त्याच्या नावाने बोलून कुणीतरी तुझ्याकडून कार्डाचा नंबर काढून घेतला. तेव्हा ‘घरातला सवाल विचारल्याशिवाय कुणाला ओळख द्यायची नाही’ हा कायदा त्यानेच केला. पण बा, सवाल तरी कसला विचारलास! ‘रंभाफोईने तुला झोळीत घालून आधी कोणतं नाव ठेवलं होतं?’ तो झोळीत होता गं, त्याला काय ठाऊक!

रागावलेला नाही तो. गेल्या साली तू फसलीस तेव्हा तुला नाही नाही ते बोलला, त्याचीच त्याला लाज वाटतेय. दवाखानाभर सांगत सुटलाय, “माझ्या बाला आता कुणाचा बापही फसवू शकत नाही!”

बापुजींना जिलेबी आणायला पाठव. पेढे नकोत, जिलेबीच. समजलीस ना? भाभी खुशाल आहे.

मी दवाखान्यात पुढे जाते. पोरीच्या बापाची बहीण मी, म्हणजे आता फोई मी आणि नाव ठेवायचा मान माझा. नाव ठरवलंय, पण इथे लिहीत नाही. बापुजी वाचतील आणि संध्याकाळपर्यंत त्याचाच बँकेचा पासवर्ड करून बसतील.

तू आलीस की कानात सांगेन. पण आधी ओळख पटव: केयूरचं पहिलं नाव काय होतं?

तरुलता