उघड्या डोळ्यांची बैठक

सिल्वासा,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. अलकाताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना बसून उतरतेस म्हणालीस, ते डोक्यातून जात नाही. इकडे थंडी संपल्यातच जमा आहे, दुपारी पंखे लावावे लागतात. प्रथमेश पुण्याच्या हॉस्टेलात रमलाय. रविवारी फोन करतो आणि मेसच्या भाजीबद्दल बोलतो. कुळथाचं पीठ पोचलं. पिठलं दोनदा केलं.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर माझा आवाज ऐकून तू म्हणशील, "मृणू, आधी दहा मिनिटं बस, मग ठरव." या वेळी मला बसून ठरवायचं नाही.

क्रमाने सांगते. रोजनिशीत हे तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा वेगळं झालं.

खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात मी दर गुरुवारी बायकांना ध्यान शिकवते, हे तुला ठाऊक आहे. तू गावभर सांगितलंस. अरविंद तिथे प्रॉडक्शन मॅनेजर, त्यानेच सुचवलं होतं. "बायकांचं कामात लक्ष लागत नाही, तू शिकव काहीतरी." दुसऱ्या पाळीच्या बायका वीस मिनिटं आधी येतात. पॅकिंगच्या हॉलमध्ये पुठ्ठे अंथरून आम्ही बसतो. काचेपलीकडे मशिनं चालूच असतात. तू शिकवलंस तेच शिकवते. श्वास आत जाताना सो, बाहेर येताना हं. काही करायचं नाही, काही अडवायचं नाही, जे चाललंय त्याचं नुसतं साक्षी व्हायचं.

त्यात कावेरी म्हणून एक आहे, शिरपूरकडची. ती सहा महिने डोळे उघडे ठेवूनच बसत होती. मी दोनदा हळूच सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, "मॅडम, साक्षीले डोळा मिटीसन कसं चालई?" सासऱ्याच्या बांधाच्या भांडणात ती कोर्टात साक्षीला उभी राहिली होती. वकिलाने पहिलं विचारलं ते हेच, की तू डोळ्यांनी पाहिलंस का. तिच्या लेखी साक्षी म्हणजे ते. बायका हसल्या, मीही हसले. घरी येऊन अरविंदला सांगितलं, तोही हसला.

२३ जानेवारीला, आम्ही बसलेलो असतानाच, तिथे अपघात झाला. सोनी नावाची बावीस वर्षांची मुलगी. कावेरीच्याच गावाकडची, दोघी किलवणीत एका खोलीत राहतात. ती पहिल्या पाळीला मशिनवर होती. रोलरला धागा गुंडाळला गेला. असं झालं की मशिन बंद करून तो कापायचा, हा नियम भिंतीवर तीन भाषांत लावलाय. तिने चालू मशिनमध्ये हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आता चौकशी चालू आहे. सोनी म्हणते, चालू मशिनमध्येच काढ असं मला सांगितलं. चौकशीवाले म्हणतात, कोणी सांगितलं नाही, हिचंच लक्ष नव्हतं. तसं ठरलं तर तिला काढून टाकतील आणि चूक जन्मभर तिच्या नावावर राहील. अहवालाच्या कच्च्या प्रतीत मीसुद्धा आहे. कंपनीने ध्यानाचे वर्ग भरवूनही कामगाराने ध्यान ठेवले नाही, असं वाक्य आहे. इथे हिंदी-गुजरातीत लक्ष देण्यालाही ध्यानच म्हणतात.

माझाही जबाब घेतला. मी लिहून दिलं, "मी त्या वेळी डोळे मिटून ध्यानाला बसले होते. मी काही पाहिले नाही."

ताई, माझे डोळे उघडे होते.

आणि ते त्या दिवसापुरतं नव्हतं. गेलं वर्षभर माझं ध्यान लागत नाही. बायकांना डोळे मिटायला सांगते आणि मी भिंतीवरचं घड्याळ बघते. कोणाची पाठ वाकली ते बघते. माझा आवाज तुझ्यासारखा संथ लागला का, याचा विचार करते. तू फोनवर विचारतेस, "बसतेस ना?" मी म्हणते, "बसते." ते खोटं नाही. बसतेच.

तर मी काचेतून सोनीला पाहिलं. तिने मशिन बंद करायला बटणाकडे हात नेला होता. मागे कोणीतरी उभं होतं. त्याने हाताने खूण केली, बंद नको, तसंच काढ. ती क्षणभर थांबली. मला उठता आलं असतं. काच वाजवता आली असती. माझ्या मनात आलं ते इतकंच, की आत्ता उठले तर बायकांची बैठक मोडेल. रोजनिशीत हे खोडून पाहिलं, पण दुसरं काही सापडलं नाही.

"कोणीतरी" हे आत्ता पुन्हा वाचलं. रोजनिशीतही तसंच लिहिलंय. तो अरविंद होता.

त्याची बाजूही लिहायला हवी. मशिन बंद केलं की सगळे धागे पुन्हा ओवायला अर्धा तास जातो आणि पाळी संपत आली होती. "वीस वर्षं सगळे असंच काढतात, मृणाल. मीपण काढलंय." सोनीला दवाखान्यात त्यानेच आपल्या गाडीतून नेलं. सीटवरचे डाग स्वतः धुतले, मला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी भात कालवता कालवता म्हणाला, "तू तर डोळे मिटून बसली होतीस. तेवढंच लिही." त्याला खरंच तसं वाटत होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. तसं वाटावं अशीच तर मी वागत आले.

पण कावेरीला माहीत आहे. त्या हॉलमध्ये दोघींचेच डोळे उघडे होते आणि किंकाळीच्या आधी आमची नजरानजर झाली. तिने पाहिलं ते सांगून टाकलं. एका खोलीत राहतात म्हणून तिचा जबाब धरला नाही.

परवा भाजीबाजारात ती समोर आली.

"गुरुवारनी बैठक बंद शे का, मॅडम?"

"सध्या बंद आहे गं."

तिने मेथीची जुडी उलटीपालटी केली. "तुम्हीच तं सांगेल व्हतं आम्हाले, साक्षी व्हा म्हनीसन. आम्ही व्हयनूत. आता तुम्ही?"

"कावेरी, घरचं माणूस आहे."

"मना सासरा बी घरनाच व्हता. मी त्यानाच इरुध सांगं."

इतके महिने मी धरून चालले होते की ती सासऱ्याच्या बाजूने उभी राहिली. विचारलंच नव्हतं. "मग?" मी म्हटलं.

"मंग काय. चूल येगळी व्हयनी. आजून येगळीच शे." आणि भाजीवाल्याला म्हणाली, "ही जुडी बदली दे, आतमा पिवळी शे."

आज सकाळी चहाच्या वेळी मी अरविंदला सांगितलं, उद्या अकराला जाऊन मी जबाब बदलून देणार आहे. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "काचेतून नीट दिसलं तुला?"

"हो."

"मी बंद करू नको म्हटलं, की जरा थांब म्हटलं? हात दोन्हीला सारखाच हलतो."

पंधरा दिवस मी स्वतःला हेच विचारतेय. "तूच सांग ना," मी म्हणाले.

तो उठला आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालू लागला. कालच संध्याकाळी घातलं होतं.

त्यानंतर माझी शंका गेली. त्याची नोकरी जाईल का, प्रथमेशला काय सांगायचं, हे मला माहीत नाही. खरं बोलायचंय की खरं बोलणारी म्हणून मिरवायचंय, हेही तपासून पाहिलं. दोन्ही थोडंथोडं असावं. माझ्या हेतूने सोनीला काय फरक पडतो? तिच्या जबाबाला जोड हवी आहे, आणि ती माझ्याकडे आहे.

उद्या कारखान्यात जाण्याआधी हे पत्र पोस्टात टाकेन. फोनवर सांगितलं असतं तर संध्याकाळी दुसरा फोन करून फिरवता आलं असतं. पेटीत पडलेलं परत मागता येत नाही. तू वाचशील तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. शांत राहा, असं कळवू नकोस. जमलं तर थोडे दिवस इकडे ये. जिना एकच आहे, मी धरेन.

नव्या जबाबाची कच्ची प्रत लिहून झाली. खाली पूर्ण नाव लागतं. आधी माझं, मग त्याचं, मग आडनाव. इतकी वर्षं सरावाने लिहीत आले, आज मधल्या नावापाशी पेन थांबलं. पुसट लिहून पाहिलं, नुसतं आद्याक्षर घालून पाहिलं. उद्या पूर्ण आणि स्वच्छ लिहायचंय, म्हणून इथे एकदा लिहून बघते.

तुझी,
मृणाल अरविंद खानविलकर