नातेवाईक नसलेली व्यक्ती

६ जानेवारी
झेरॉक्सच्या दुकानाच्या काचेवर अखेर कागद लावला. 'नोकरीसाठी रेझ्युमे लिहून मिळतील.' खाली माझा नंबर. कॉलेजच्या ऑफिसात इतकी वर्षं पोरांचे अर्ज तपासले. कॉलेजच बंद पडलं. आता स्वतःचं काहीतरी. नाहीतर या घरात भिंतींशी बोलायची वेळ येईल.
दिवसभरात एक फोन. गॅसवाल्याचा.
संध्याकाळी खालच्या मजल्यावरची लक्ष्मी आली, रोजच्यासारखी. म्हणाली, अक्का, तुमचा कागद वाकडा लागलाय. बरं वाटलं. कुणी बघितला तरी.

११ जानेवारी
पहिलं गिऱ्हाईक! वैराग गावची नर्स. जुना बायोडाटा घेऊन आली. त्यात वडील, नवरा, धर्म, जात, उंची, वर्ण, छंद देवदर्शन. लग्न ठरवायचंय का बाई, म्हटलं, आणि सगळं खोडलं. नवऱ्याचं नाव काढलं तर घरी काय सांगू, म्हणाली. नोकरी नवऱ्याला नकोय, तुम्हाला हवीय, असं सुनावलं. हसली. तासभर बसली, सासूपासून सगळं बोलली. आणि एक पान घेऊन गेली.
नंतर घर जास्तच मोकळं वाटलं. टीव्ही मोठा केला.

१९ जानेवारी
ल.ने ओढत गड्ड्याच्या जत्रेत नेलं. पाळण्यात बसवलं. मी ओरडले, अगदी गळा फाडून. आई गेल्यापासून इतकी हसले नव्हते. चप्पल तुटली. परतताना हात धरून चालली पोरगी.

२७ जानेवारी
ल.ला रेझ्युमे हवाय. पुण्याच्या कंपनीसाठी. चहा गाळता गाळता सांगितलं, मीठ-मिरची मागावी तसं. मी म्हटलं, हो, करू की. दुसरं काय म्हणणार.

२९ जानेवारी
मन लावून लिहिला. आजवरचा सर्वांत चांगला. वाईट लिहायचा विचार आला नाही असं नाही, पण हात तसा चालेना.
तिचे वडील नरसय्या वर आले. पोरीला आई नाही, हेच सगळं. चष्मा लावून पान उलटसुलट बघितलं.
"मॅडम, चादरीच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या केल्या हिच्यासाठी. आन् माझं नाव कुटंच न्हाय?"
हल्ली तशीच पद्धत आहे, असं समजावलं. ते चष्मा खिशात ठेवून जिना उतरले. नर्सबाईंना मोठ्या तोऱ्यात ऐकवलं होतं. इथे तो तोरा टिकला नाही. रात्री वडिलांचं नाव खाली घातलं. नियम गेला चुलीत.

३ फेब्रु.
कंपनीला ओळखीच्या एका माणसाचं नाव, नंबर हवाय. अट: नातेवाईक नसलेली व्यक्ती. ल.ने क्षणाचाही विचार न करता माझं नाव टाकलं. बरोबरच आहे. मी तिची कोण? तरी दिवसभर काही गोड लागलं नाही.

१० फेब्रु.
फोन आला. कंपनीतली मुलगी, गोड आवाज. लक्ष्मी कशी आहे, कामाला कशी, वगैरे. मी भरभरून बोलले. मग तिने विचारलं, आमच्याकडे गावाकडच्या मुली महिन्याभरात घरी पळतात. ही परत जाईल का?
वडील एकटे आहेत, तिचा जीव इथे अडकलाय, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. खोटंही नव्हतं.
"नाही," म्हटलं. "ती परत येणार नाही."
फोन ठेवला आणि हमसून रडले. कुणी बघत नव्हतं, त्यामुळे लवकर थांबलेही नाही.

२३ फेब्रु.
गेली. सकाळच्या गाडीने. डब्यात शेंगाचटणी दिली, कडक भाकरी दिली. परत येताना नरसय्या आणि मी एकाच रिक्षात. दोघंही दोन बाजूंना बघत बसलो.

२ मार्च
धंदा चाललाय. ल.च्या मैत्रिणींचे फोन. करमाळ्याहूनही एक. सगळ्यांना बाहेर जायचंय. मी पाठवतेय.
संध्याकाळी दार उघडं ठेवते. नुसते डास येतात. नरसय्यांना वर चहाला बोलवावं म्हणते, पण लोक काय म्हणतील? भित्री आहे मी.

९ मार्च
दुपारी ल.चा फोन. आधी नुसतं नाक ओढणं. मग बोलली. खोलीतल्या मुली हिच्या बोलण्याची नक्कल करतात. कामावरची वरिष्ठ बाई सगळ्यांसमोर टाकून बोलली. जेवण जात नाही. वडिलांना सांगायचं नाही, अशी शपथ घातली.
मग म्हणाली, "अक्का, परत येऊ का? तुम्ही ये म्हणालात तर आज गाडीत बसते."
ये म्हणावं, की राहा म्हणावं? ये म्हणाले तर कुणासाठी म्हणाले, ते मला माहीत आहे. राहा म्हणाले आणि पोरगी तिथे खचली तर? म्हटलं, आधी जेव, मी तासाभराने फोन करते.
तास कधीच उलटून गेला. फोन हातात आहे. खाली नरसय्यांच्या घरात रेडिओ चालू आहे. तिला फोन लावते आता.