पाचोडची गाय आणि उस्मानपुऱ्यातला फ्लॅट

दौलताबादच्या किल्ल्याखाली, रस्त्याच्या कडेला, बन्सी आणि मी सीताफळे खात उभे होतो. लग्न नोंदवून आठवडाही झाला नव्हता. माझ्या माहेरी, पोहनेरकरांकडे, दार बंद झाले होते. सासरी पाचोडला, बामणाची पोर शेतात काय कामाची, यावर खल चालू होता. रात्री कुठे राहायचे तेही ठरले नव्हते. तरी आम्ही बोललो ते फक्त कोणाचे फळ जास्त गोड, एवढेच.

तीच मी, मीनाक्षी बन्सी नरवडे, वय सदुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे सोडून माझे सगळे ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असते तर पहिले कलम वेगळे झाले असते.

१. उस्मानपुऱ्यातील फ्लॅट मी माझ्या पगारातून घेतला असून तो एकट्या माझ्या नावावर आहे. तो संपूर्ण, कोणतीही अट न घालता, माझी मुलगी स्वरदा हिला देते.

कारणही लिहिते, कारण उद्या विचारले जाईल. स्वरदाचे पती ओटिएनो केनियाचे. इथल्या विद्यापीठात फार्मसी शिकायला आले आणि इथेच औषधांच्या कंपनीत लागले. लग्नानंतर दोघांना भाड्याने घर मिळेना. फोनवर ‘स्वरदा नरवडे’ ऐकून हो म्हणणाऱ्या घरमालकांना, दारात ओटिएनो दिसले की गावाकडचा पुतण्या राहायला येणार असल्याचे आठवायचे. शेवटी दोघे माझ्याकडे आले. सोसायटीचे चेअरमन नानासाहेब जिन्यात म्हणाले, “मॅडम, तुम्ही आहात तोवर काही हरकत नाही.”

“आणि नंतर?”

“नंतरचं नंतर बघू. लोक विचारतात हो.”

“नानासाहेब, हे शहर वसवलं मलिक अंबरनं. तोही आफ्रिकेतूनच आला होता. त्याच्या नहरीचं पाणी चाललं की आपल्याला.”

ते हसले, पण ‘तुम्ही आहात तोवर’ काही मागे घेतले नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

माझा मुलगा मिहिर याने दुसरा मार्ग सुचवला होता. “आई, फ्लॅट माझ्या नावावर कर. मी त्यांना राहू देईन ना.” मिहिर मनाने वाईट नाही. त्याची मुलगी अपेक्षा पंधरा वर्षांची आहे, आणि तिच्या सोयरिकीच्या वेळी लोक आत्याच्या नवऱ्याबद्दल काय विचारतील, याची त्याला आतापासून धास्ती आहे. पण बाळा, तुझ्या वडिलांनी आणि मी लग्नानंतरची पहिली वर्षे अशाच ‘राहू देईन’वर काढली आहेत. एका ओळखीच्या बाईंनी आम्हाला मागची खोली दिली होती. त्यांच्याकडे पाहुणे आले की आम्हाला फिरून यायला सांगत. स्वरदाला कोणी ‘राहू देण्याची’ गरज नाही. ती राहील.

२. पाचोडच्या शेतातील, बन्सीच्या पश्चात माझ्याकडे आलेला हिस्सा मिहिरला. बाजारभावाने तो फ्लॅटहून अधिकच भरतो. यावर वाद घालायला मी नसेन, यात त्याने समाधान मानावे.

३. बँकेतील ठेवी दोन्ही मुलांना समान. माझे शिलाई मशीन ओटिएनोंना. या घरात सरळ टीप तेच घालतात. मला शिवण शिकवणाऱ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी त्यांचे काम पाहून मला पुन्हा उसवायला लावले असते. चांदीची अत्तरदाणी माझी वहिनी करुणा हिला परत. माझ्या लग्नानंतर कित्येक वर्षांनी, ‘तू एकटीच ये’ असे सांगून तिने ती दिली होती. मी गेले होते. अत्तरदाणी कधी वापरली नाही. राग नाही, ज्याची वस्तू त्याला.

४. गाय. हे कलम ऐकून वकील हसले, पण गाय खरी आहे.

स्वरदाचे लग्न ठरताना ओटिएनोंच्या काकांनी केनियातल्या किसुमूहून व्हिडिओ कॉलवर विचारले, मुलीच्या आईला किती गाई द्यायच्या? त्यांच्यात देणे मुलाकडून असते. मिहिर ताडकन उठला. “आई, हे स्वरदाची किंमत करतायत!”

माझ्या नणंद आवडाबाई पाचोडहून आल्या होत्या. जावयाचा रंग पाहिल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या वळल्या.

“काय म्हणतो गं त्यो? गाय देतो?”

“हो वन्सं.”

“मग मिहिर, तू कशापायी उड्या मारतो रं? तुझ्या सासऱ्यानं गाडी दिली, तवा तुझी किंमत झाली नाय व्हय?”

मिहिर खाली बसला. तिकडे काका थांबलेले. आवडाबाईच फोनला म्हणाल्या, “एक द्या. पण दुभती द्या.”

ती गाय ओटिएनोंनी आवडाबाईंना बरोबर घेऊन पाचोडच्या बाजारातून आणली. ती त्यांच्याच गोठ्यात आहे, आणि ‘भावजयीला परदेशातनं गाय आली’ असे त्या गावभर सांगतात.

गाय मला मिळाली, म्हणून तिचे काय करायचे ते मी ठरवते. गाय आवडाबाईंना. दिवाळीत झालेली तिची कालवड माझी नात अपेक्षा हिला. अपेक्षाच्या लग्नात ती कालवड किंवा तिची वासरे मुलाकडच्यांना देऊ नयेत. ती अपेक्षाचीच राहतील. अपेक्षा ज्याला निवडेल तो कुठल्याही मुलखाचा असो, त्याला आधी आवडाबाईंकडे न्यावे. त्या भिंतीकडे तोंड करतील. चहा मागवावा आणि थांबावे.

मीनाक्षी बन्सी नरवडे (सही)

साक्षीदार:
१. नानासाहेब काळवणे, चेअरमन. कलम १ मोठ्याने वाचून दाखवल्यावर सही केली.
२. डॉ. तनुजा राजूरकर, शेजारी.

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२६