यंदा बोटीवर जागा नाही

३ एप्रिल, शुक्रवार
पाडवा होऊन पंधरा दिवस झाले. लातूरहून फोन नाही. दरवर्षी पाडव्याच्या संध्याकाळीच ह्यांच्या दोस्ताचा, विलासभावजींचा आवाज येतो, "वैनी, चार दिवस शिवाला मोकळं सोडा, मालवणला नेतो." शिवा म्हणजे आमचे हे. ह्यांच्यासकट सहा जण, सगळे पाटबंधारे खात्यातले, आता सगळेच रिटायर. मे उजाडला की बाबी नावाच्या मालवणच्या माणसाची बोट ठरवायची आणि खोल समुद्रात गळ टाकत दिवस काढायचा.
आमच्या लिंगायताच्या घरात अंडं शिजत नाही आणि ह्या माणसाला मासे धरायचा नाद. इथे नांदेडजवळ विष्णुपुरीला धरणावर होते तेव्हा भोयांकडून शिकले. खात नाहीत. धरतात, बघतात, सोडून देतात. मला कधी समजलं नाही, समजून घ्यायचा प्रयत्नही...
आज रॉड काढून बसले होते. उजवा हात मांडीखाली दाबून डाव्याने रीळ पुसत होते. हात सुटला की थरथरतो. मी बघितलंच नाही असं केलं. कंपवाताला जानेवारीत तीन वर्षं झाली.

९ एप्रिल, गुरुवार
शेवटी ह्यांनीच फोन लावला. मी भाकरी टाकत होते, कान तिकडेच. "यंदा कवा रे?" पुढे नुसतं हाव, हाव, बरं.
ठेवला. म्हणाले, "यंदा ट्रिप न्हाई. सगळ्यांचं काही ना काही निघालंय." आवाज नेहमीचा. जेवताना अर्ध्या भाकरीवर उठले.
रॉड परत कपाटावर.

१६ एप्रिल, गुरुवार
वजिराबादच्या बाजारात सुनंदा भेटली. तिचे मिस्टर त्याच टोळक्यातले. कैऱ्या निवडता निवडता बोलून गेली, "आमचे हे एक तारखेला मालवणला चाललेत, तेवढ्यात मी मुदखेडला माहेरी जाऊन येते." मग जीभ चावली.
"कोण कोण चाललंय?"
तिने पिशवी आवळली. मग, "वाईट वाटून घेऊ नका ताई. बोटीवर सगळे तुमच्या ह्यांनाच धरून बसतात म्हणे. मग मासे कोण धरणार?"
कैऱ्या तिथेच टाकून आले.
म्हणजे ट्रिप आहे. फक्त हे नाहीत. विलासभावजींची बायपास झाली तेव्हा हैदराबादला अकरा दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर झोपलेला माणूस. त्यांना ह्याच माणसाची अडचण झाली.
ह्यांना सांगितलं नाही. कसं सांगणार?

१७ एप्रिल, शुक्रवार
दुपारी हे झोपल्यावर त्यांच्या जुन्या वहीतून बाबीचा नंबर काढला. अक्षर चांगलं होतं तेव्हाची वही. फोन लावला. म्हटलं, आम्ही दोघंच येतो, बोट मिळेल का?
"येवा वयनी. साहेबांक मी सांभाळतलंय." दोन तारखेला मोठी बोट लातूरकरांनी घेतलीय, म्हणाला, तुम्ही तीनला या, नाहीतर पुढच्या आठवड्यात.
मी म्हटलं, मला दोन तारीखच पाहिजे.
शेवटी म्हणाला, धाकटी बोट काढतो, मोठीवर भावाला धाडतो, मी स्वतः तुमच्याबरोबर.
दोनच का, ते त्याने विचारलं नाही. मला माहीत आहे. त्या पाचांनी ह्यांना बघावं. जेटीवर, तोंडासमोर. खाली माना घालाव्यात.

२१ एप्रिल, मंगळवार
परवा सांगितलं. (तारखेचं सोडून.) भडकले. "तू येनार? तुला विष्णुपुरीचं पाणी बघून चक्कर येते. आन् मी काय लेकरू हाय का, हिंडवून आणायला?"
दोन दिवस अबोला. आज सकाळी उठून बघते तर रॉड खाली काढलेला, गळांची डबी पुसून उन्हात ठेवलेली. खुर्चीत बसून शर्टाची बटणं लावत होते, वीस-पंचवीस मिनिटं. मदतीला गेले तर "ऱ्हाऊ दे."
पल्लवीचा पुण्याहून फोन. "आई, डॉक्टरांना विचारलंस का?" हो म्हटलं. विचारलेलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील.

१ मे, शुक्रवार. मालवण
पहाटे पाचला निघालो. ओळखीतला ड्रायव्हर घेतला. हे पुढच्या सीटवर, खुशीत. लोह्याला चहा, स्वतः कप धरून प्यायले, अर्धा सांडला तरी हसले. कितीतरी महिन्यांनी हसताना बघितलं.
लातूर जवळ आलं तसं म्हणाले, "विलासकडं घटकाभर थांबू."
मी म्हटलं, "घरी नसतील."
"रिटायर गडी. जाईल कुठं?"
फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. "झोपला आसंल गडी," असं म्हणून खिशात टाकला. तेव्हा सांगायला हवं होतं. तुळजापूर येईपर्यंत तीनदा तोंड उघडलं, तीनदा मिटलं.
सं. ७ वा. पोचलो. खोलीतून समुद्र दिसत नाही, ऐकू येतो.

२ मे, शनिवार
दुपारी लिहितेय.
सकाळी सहाला जेटीवर. पाचही जण उभे होते. टोप्या, डबे, हसणं. विलासभावजींनी आम्हाला बघितलं आणि हातातला चहाचा कप ठेवायला जागा शोधू लागले. हे थांबले. एकेकाचं तोंड बघितलं. मग वळून माझ्याकडे बघितलं. छत्तीस वर्षांच्या संसारात असं कधी बघितलं नव्हतं.
"शिवा... आरं, अचानक ठरलं बघ," विलासभावजी.
"हाव," हे म्हणाले. "आमचं बी तसंच."
बोटीत चढताना मी हात पुढे केला. त्यांनी बाबीचा धरला.
किनारा अजून दिसत होता. म्हणाले, "तुला म्हाईत होतं."
"हो."
"कवापासून?"
"सोळा तारखेपासून."
हे पाण्याकडे बघत बसले.
मग मला बोट लागली. काठावर डोकं ठेवून ओकत होते, नुसतं पित्त. ह्यांच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये. दहाची गोळी चुकली की हात अडकतो, पाय अडकतात, हे मला पाठ आहे. दहा कधी वाजले, साडेदहा कधी झाले, शुद्धच नव्हती. ह्यांनी मागितली नाही. बाबीसमोर मागितली नाही.
रीळ करकरायला लागलं. "सुरमय! सायब, सुरमय!" बाबी ओरडला. हे उभे राहिले. बाबीने मागून कमरेचा पट्टा धरला. पाच-सात मिनिटं, जास्त नाही, पण तेवढ्यात मला पंचेचाळीस वर्षांचे हे दिसले. दोर सोडत होते, ओढत होते, तोंडाने काहीतरी पुटपुटत होते, मासा ह्यांच्या ओळखीचा असावा तसं.
आणि उजवा हात अडकला. रीळ फिरेना. बाबी म्हणाला, "माका द्या सायब." "न्हाई." मी ओरडले, द्या ना हो. "न्हाई म्हटलं ना!" एकट्या डाव्या हातात रॉड, तिकडून मासा ओढतोय. एक हिसका बसला आणि रॉड गेला. सगळा. पाण्यात एवढासा फेस, तोही लगेच विरला.
बाबीने त्यांना खाली बसवलं.
"बरं झालं," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "दहाची गोळी दे." अकरा वाजून गेले होते.
जेटीवर परतलो तर मोठी बोट आधीच लागलेली. विलासभावजींनी धीर करून विचारलं, "काय लागलं का रे?"
"सुरमई. मोठी. दिली सोडून."
सगळ्यांनी ह्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. रॉड कुठाय, असं कुणी विचारलं नाही.

३ मे, रविवार
हे झोपलेले असताना विलासभावजी लॉजच्या अंगणात येऊन उभे. मी ठरवलेलं, असं असं बोलायचं. सोळा तारखेपासून जुळवून ठेवलेलं. बोलले. बाकड्यावरचे अकरा दिवस काढले, सगळं काढलं. त्यांनी ऐकून घेतलं.
मग म्हणाले, "वैनी, मागच्या साली शिवा बोटीवरून पाण्यात पडला."
मला आधी कळलंच नाही.
"मी उडी टाकली. ह्या छातीनं. दोघं बी जाता जाता वाचलो. बाबीनं वर ओढलं. घरी बोललात तर तुमचं तोंड बघनार न्हाई, म्हनला शिवा. सगळ्यांकडून वचन घेतलं."
गेल्या मेमध्ये हे कोपराला पट्टी बांधून आले होते. लॉजच्या पायरीवरून घसरलो, म्हणाले. मी हळद लावली, आठ दिवस.
"मग त्यांना तोंडावर सांगायचं होतं, तू येऊ नको म्हणून."
"न्हाई जमलं. चाळीस वर्सांचा दोस्त हाय. कसं सांगू?"
"म्हणून खोटं बोललात."
"हाव." मग हळूच, "पर वैनी, आमी हितं येनार हे तुमाला ठावं होतं. तुमी तरी त्याला का न्हाई सांगितलं?"
मी आत निघून आले.

५ मे, मंगळवार. नांदेड
काल रात्री पोचलो. अख्ख्या वाटेत ह्यांचे शब्द: पाणी. थांबव. चल. लातूर आलं तेव्हा डोळे मिटून घेतले.
इथे ऊन मी म्हणतंय. कूलरमध्ये पाणी भरलं, गोळ्या दिल्या, बाकी...

१० मे, रविवार
पाच दिवसांनी बोलणं झालं. बोलणं कसलं. मीच काढलं, गेल्या साली पडलात ते.
"विलास बोलला?"
"कुणी का बोलेना. तुम्ही बुडता बुडता वाचलात हे मला दुसऱ्याकडून कळावं?"
"तुला सांगितलं आसतं तर यंदा जाऊ दिलं आसतंस?"
"नाही."
"मग?"
ह्या मगचं काय करायचं? वर्षभर मी ह्यांना औषध देतेय, आंघोळीला दारात उभी राहतेय, पाय पुढे पडेना तर ओलांडायला जमिनीवर खडूने रेघा ओढून देतेय, आणि हे वर्षभर माझ्याशी खोटं वागत होते. म्हटलं तसं. सगळं म्हटलं. वर हेही म्हटलं की तुमच्यासाठीच गेले होते मालवणला, मला काय हौस होती.
"माझ्यासाठी न्हाई गेलीस," म्हणाले. शांतपणे. "मासा गेला, रॉड गेला, जाऊ दे. माझ्यासाठी नेलं आसतं तर तीन तारखेला नेलं आसतंस."
बाबीने सांगितलं असणार.
उठून गॅलरीत गेले. मी तिथेच. खूप वेळ.

१४ मे, गुरुवार
विलासभावजींचा फोन, मला. रविवारी येतो म्हणाले, अकरापर्यंत. "शिवाला सांगू नका वैनी. सांगितलं तर घरात थांबनार न्हाई. एकदा समोर बसलो की बोलंल."
बरं म्हणून ठेवला.
आपल्याला सगळ्यांना ह्या माणसाचं भलं कळतं. त्याला सोडून सगळ्यांना.

१६ मे, शनिवार
दोन दिवस तोंडात धरून ठेवलं. आज दुपारच्या चहाला सांगितलं. उद्या विलासभावजी येतायत. मला म्हणाले होते सांगू नका, पण सांगतेय.
पेपर वाचत होते. मान वर केली नाही.
"किती वाजता?"
"अकरा."
"हं."
पान उलटायला वेळ लागला. मी मदत केली नाही.

१७ मे, रविवार
सकाळी लवकर उठले. दाढी स्वतः केली, दोन ठिकाणी कापलं. नवा शर्ट मागितला. वाटलं, चला.
स. १०.१० ला विलासभावजींचा फोन, लोहा सोडलं म्हणून. ह्यांना ऐकू गेलं. चपला घातल्या, काठी घेतली. म्हटलं, कुठे?
"नदीकडं."
"ह्या उन्हात? ते येतायत."
"येऊ दे. आला की बसव त्याला."
"किती वेळ?"
त्यांनी दार उघडलं. मी सोबत येऊ का, हे ओठावर आलं, गिळलं. गोळी मात्र दिली, रुमालात बांधून, दहाची राहिलेली. बघितलं तिच्याकडे, खिशात टाकली. जिना एक एक पायरी करत उतरले. खिडकीतून कोपऱ्यापर्यंत दिसत होते. कोपऱ्यावर पाय अडकला, मिनिटभर उभे होते. रस्त्यावरच्या कुणालातरी हात करून नको म्हणाले. मग वळले.
११.२०. खाली गाडी थांबलीय. विलासभावजी काच खाली करून वर बघतायत. हे अजून आलेले नाहीत.