सहीशिवाय आलेला समुद्र

३ मार्च
आज सागर विज्ञान संस्थेचा कार्यभार घेतला. ऑर्डरमध्ये 'प्रभारी संचालक' लिहिलंय. त्यातला 'प्रभारी' तात्पुरता, 'संचालक' कायमचा. दारावरच्या पाटीत जागा नव्हती म्हणून पहिला शब्द गाळायला सांगितला. सुगतन (माझा पी.ए.) म्हणाला, जागा भरपूर आहे सर. या माणसावर लक्ष ठेवायला हवं.
संकल्प केला: रोज पहाटे किनाऱ्यावर चालणे, कुणावर ओरडायचं नाही, आणि महिन्याभरात सगळ्यांना सरळ करायचं.
वत्सला (माझी बायको) म्हणाली, आधी कुणाशी तरी नीट बोलून बघा. हिला प्रशासनातलं काय कळतं?

५ मार्च
चाललो नाही. चपला बोचतात.
आज स्टाफसमोर पहिलं भाषण. विषय: 'नेतृत्व म्हणजे काय?' मी म्हणालो, नेतृत्व म्हणजे दीपस्तंभ. दीपस्तंभ जागचा हलत नाही. मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, आणि त्याला खालचं काही दिसत नाही. आवाज कुठून आला ते पाहून ठेवलंय. अर्ध्या भाषणात प्लवक विभाग (समुद्रातले सूक्ष्म जीव तपासणारे) उठून गेला. नमुने खराब होतील म्हणे. नमुने रोज खराब होतात, संचालकाचं भाषण रोज होत नाही.
शेवटी डॉ. फिलोमिना उभी राहिली. ही लाटांच्या विभागाची प्रमुख, समोरच्याच कोळीवाड्यातली. बाप होडीवर होता. बोलते मात्र समुद्र हिच्याच नावावर असल्यासारखी. विचारते, बंदराबाहेरचा लाटा मोजायचा तरंगता यंत्र-गोळा दोन महिने बंद आहे, तो कधी दुरुस्त होणार? मी तत्काळ निर्णय घेतला. कमिटी नेमली.

११ मार्च
ऐतिहासिक दिवस. परिपत्रक काढलं: यापुढे संस्थेतून कुठलाही इशारा, अंदाज, पत्रक संचालकांच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही. 'एक संस्था, एक आवाज.' घोषवाक्य माझं.
फिलोमिना केबिनमध्ये आली. बसायला सांगितलं नाही तरी बसली. म्हणाली, सर, समुद्राला ऑफिसची वेळ नसते. मी म्हणालो, ऑफिसला असते. वाटलं, चांगलं सुचलं. सुगतनला परत सांगितलं. तो हसला. उशिरा हसला, पण हसला.
कुणावर ओरडलो नाही, याची नोंद. म्हणजे तिच्यावर नाही. शिपायावर ओरडलो.

२० मार्च
नियामक मंडळाच्या अध्यक्ष पद्मजा नेत्यार यांचा फोन. निवृत्त सनदी अधिकारी, आवाजात अजून सही-शिक्का. म्हणाल्या, कैमल, तीन आठवड्यांत सात कमिट्या? संस्था चालवा, उत्सव नको. कामाकडे त्यांचं बारीक लक्ष आहे, हे उघड आहे. कायम नेमणूक आता औपचारिकता.
वत्सलाला सांगितलं. ती म्हणाली, त्या रागावल्या होत्या का? बायकांना बायकांचा सूर कळत नाही.

४ एप्रिल
संशोधन-जहाजावर पाहणी. नेत्यानं आघाडीवर असावं. बंदराचं तोंड ओलांडलं आणि पोटात काहीतरी बिघडलं. सकाळचं पुट्टू शिळं असणार. वत्सलाशी बोलायला हवं. कप्तानानं सगळ्यांसमोर मला चोखायला लिंबू दिलं. हा मुद्दाम केलेला अपमान आहे. लिंबू चोखलं.
परतल्यावर पेपरला बातमी पाठवली: 'संचालकांची खोल समुद्रात पाहणी'. छापली नाही. पत्रकारही विकले गेलेत.

१३ एप्रिल, संध्याकाळ
उद्या विशू. नवीन वर्ष. मेव्हण्याकडे कोट्टारक्कराला आलोय. इथून समुद्र लांब, शांतता आहे.
सात वाजता फिलोमिनाचा फोन. दक्षिणेकडे खूप दूर वादळ झालंय, त्याच्या लाटा उद्या दुपारी आपल्या किनाऱ्यावर पोहोचणार, भरतीही त्याच वेळी. म्हणजे चोरटा समुद्र. आमच्याकडे त्याला हेच नाव आहे. वारा नाही, ढग नाही, आणि पाणी एकदम घरात. म्हणाली, इशारा आत्ताच्या आत्ता द्यायला हवा, मसुदा पाठवलाय, फक्त सही हवी.
मसुदा वाचला. भाषा अत्यंत कच्ची. 'पाणी घरांत शिरेल. होड्या वर ओढा. लोकांना हलवा.' ही काय संस्थेची भाषा झाली? मी दुरुस्त केलं: 'किनारी भागात पाण्याची पातळी वाढण्याची शक्यता नाकारता येत नाही.' वरती माझं पदनाम ठळक घाला, म्हटलं, आणि विशूनंतर पुन्हा पाठवा.
ती म्हणाली, सर, माझ्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना मी हे असं सांगू? त्यांना काय कळणार, पळायचं की बसायचं?
मी म्हणालो, भाषा हा संस्थेचा चेहरा आहे. आणि फोन बंद केला. सणाच्या दिवशी मोबाइलपासून दूर राहायचं, हा माझा जुना संकल्प. आजपासून.

१४ एप्रिल
पहाटे वत्सलानं डोळे झाकून देव्हाऱ्यापाशी नेलं. विशूची कणी, म्हणजे डोळे उघडताच बघायची आरास, मांडलेली: बहाव्याची फुलं, काकडी, तांदूळ, आरसा. वर्षाचं पहिलं दर्शन आरशात स्वतःचं झालं. संचालकाचा चेहरा. मन भरून आलं.
दुपारी केळीच्या पानावर जेवण. दोनदा पायसम. झोपलो.
चारला मेव्हण्यानं हलवून उठवलं. टीव्हीवर आमचा किनारा. आकाश निळंशार आणि समुद्र रस्त्यावर. लिलावाची शेड आडवी, दोन घरांच्या भिंती गेलेल्या. पण माणसं सगळी चर्चमध्ये, होड्या वर ओढलेल्या. कुणाला खरचटलंही नाही. मेव्हणा म्हणाला, भावोजी, तुमच्याच संस्थेनं सांगितलं होतं म्हणे! कमाल आहे तुमची.
क्षणभर छाती फुगली. मग आठवलं, मी सही केलेली नाही.
फोन चालू केला. सुगतननं सांगितलं, फिलोमिना मॅडम काल रात्रीच वाडीत गेल्या, दारोदार फिरल्या, सकाळच्या प्रार्थनेला फादरना चर्चच्या कर्ण्यावरून सांगायला लावलं. म्हणजे परिपत्रक धाब्यावर! 'एक संस्था, एक आवाज', आणि तो आवाज फादरचा!
वत्सला टीव्हीकडे बघत म्हणाली, बाई गं, वाचली सगळी. मी म्हणालो, शिस्त नाही वाचली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

१५ एप्रिल
फिलोमिनाला चौकशी होईपर्यंत निलंबित केलं. ती म्हणाली, ठीक आहे सर, मग वाडीतला चिखल काढायला मोकळी झाले. उद्धटपणा तिच्या रक्तात आहे.
विशूच्या सुट्टीमुळे आज पेपर नाहीत. शांतपणे काम करता आलं.

१६ एप्रिल
पेपर आले. सगळ्यांच्या पहिल्या पानावर! 'सागर संस्थेच्या वेळीच दिलेल्या इशाऱ्यानं शेकडो वाचले.' एकात लिहिलंय, संस्थेच्या नेतृत्वाला सलाम.
नेतृत्व. म्हणजे कोण?
थोडा विचार केला. तिच्या हातून घडलं असेल, पण ती कुणाच्या हाताखाली आहे? मी कडक राहिलो म्हणूनच तिला घाई सुचली. सही मिळाली असती तर ती आरामात मेल पाठवून झोपली असती. या दृष्टीनं पाहिलं तर सही न करणं हाच माझा निर्णय होता.
टीव्हीवाले आले. सांगितलं: निर्णय कठीण होता, पण मी घेतला. निळा शर्ट चांगला दिसला.

१९ एप्रिल
वाडीत सत्काराचं बोलावणं. 'संस्थेचा सत्कार' असा निरोप. नवा मुंडू नेसलो, भाषण पाठ केलं. चिखल अजून होता, मुंडू खराब झाला.
मच्छीमार संघाचा पुढारी यूजिन माइकवर. खांदे असे, की होडी एकटा ओढील. म्हणाला, सर आलात, बरं झालं. पण आमची चेच्ची, आमची ताई कुठाय? मी म्हणालो, डॉ. फिलोमिना सध्या रजेवर आहेत.
पुढे बसलेली एक मासेवाली उठलीच. रजेवर? अरे, काल माझ्या बाजूला बसून मत्ती मासळी साफ करत होती. म्हणाली, साहेबानं घरी बसवलंय. का बसवलंय रे? आम्हाला सांगितलं म्हणून? मग काय सांगायचं नव्हतं? बुडू द्यायचं होतं?
मग सगळ्याच ओरडायला लागल्या. त्यातले काही शब्द मी शाळा सोडल्यापासून ऐकले नव्हते.
यूजिननं हात वर करून त्यांना गप्प केलं. तो ओरडला नाही. म्हणाला, सर, माझी आई खाटेवरून उठत नाही. चेच्चीनं आणि मी तिला उचलून चर्चमध्ये नेलं. परत येऊन बघतो तर खाट रस्त्यावर, लाटेत फिरतेय. तुम्ही आला असतात तर आईला काय सांगितलं असतं? 'शक्यता नाकारता येत नाही'?
शाल टेबलावर होती. घडीसुद्धा मोडली नाही कुणी.
परत येताना सुगतनला सांगितलं, गोपनीय मसुद्यातली वाक्यं बाहेर फुटली आहेत, आरोप वाढवा. सुगतन गाडीत सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होता.
रात्री जेवण गेलं नाही. अंगाला मासळीचा वास लागला असेल. वत्सलानं विचारलं, त्या म्हातारीची खाट मिळाली का परत? मी काय खाटा मोजायला गेलो होतो?

२२ एप्रिल
नियामक मंडळाची बैठक. विषयपत्रिका मीच तयार केली होती. विषय चार: चोरट्या समुद्राचा वेळीच इशारा दिल्याबद्दल संचालकांचं अभिनंदन. विषय पाच: विनापरवानगी इशारा दिल्याबद्दल डॉ. फिलोमिनांवर कारवाई. दोन्ही स्वतंत्र विषय आहेत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.
नेत्यारबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, कैमल, चारप्रमाणे इशारा तुम्ही दिलात. पाचप्रमाणे तो तिनं दिला म्हणून ती घरी आहे. मला एवढंच सांगा, इशारा दिला कोणी?
मी शांतपणे म्हणालो, संस्थेनं.
त्या म्हणाल्या, आणि विशूच्या दिवशी संस्था कुठे होती?
मी म्हणालो, कोट्टारक्कराला.
तोंडातून गेलं. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. विद्यापीठाचे प्रतिनिधी पेन्सिलीकडे बघत बसले. बाई म्हणाल्या, माणसं बुडायची वेळ आली होती आणि तुम्ही व्याकरण तपासत होतात. तुम्ही मूर्ख असता तर मी समजून घेतलं असतं. तुम्हाला सगळं कळत होतं.
यावर माझ्याकडे उत्तर होतं. ते जिना उतरताना सुचलं. आता आठवत नाही.

२५ एप्रिल
ऑर्डर आली. डोंगरात, गोड्या पाण्याच्या मत्स्यबीज केंद्रावर 'विशेष कार्य अधिकारी'. विशेष. हा शब्द शासन कुणालाही देत नाही. समुद्रापासून दूर राहून समग्र विचार करता येईल. वत्सला म्हणाली, ती येणार नाही, तिथे थंडी असते.
फिलोमिनाचं निलंबन रद्द. प्रभारी संचालक तीच. चालेल. दोन महिन्यांत रडत फोन करील.

३० एप्रिल
शेवटचा दिवस. निरोपाचं भाषण लिहिलं, विषय: 'उपेक्षित नेतृत्व'. दुपारपर्यंत कुणी बोलवायला आलं नाही. गुप्त ठेवत असणार, म्हणून केबिनमध्येच बसलो. साडेतीनला सभागृहातून टाळ्या ऐकू आल्या. शर्ट खोचला, कागद घेतला, गेलो.
सभागृह गच्च. प्लवक विभागसुद्धा पूर्ण हजर. वाडीतल्या बायका खुर्च्यांवर, यूजिनची आई पुढे, नव्या खाटेवरच आणलेली. मंचावर फिलोमिना, गळ्यात शाल. मला पाहून ती उठली आणि म्हणाली, या सर, बसा. मनापासून म्हणाली असं वाटलं. तेच जास्त लागलं.
बसायला निघालो तेवढ्यात यूजिन दारातून जवळ आला. हळूच म्हणाला, सर, ती पोर्चमधली पांढरी गाडी तुमची का? आमचा टेम्पो आत येत नाही, जेवणाची भांडी आहेत त्यात. जरा काढता?
काढली.
तेवढ्यात टेम्पो आत शिरला, पोर्च भरला. मागे रिक्षा उभ्या राहिल्या. गाडी लावायला जागा शोधत दोनदा फेरी मारली, मिळाली नाही. भाषण शेजारच्या सीटवर होतं. घरी आलो.
वत्सलानं विचारलं, लवकर आलात? निरोप झाला?
म्हणालो, हो, झाला.