मामाची सही

प्रिय उमानाथ,

तुझा पत्ता कापू गावाहून तुझ्या बहिणीने दिला. फोन का नाही केला, असं तुला वाटेल. मला फोनवर बोलता येत नाही हे तू जाणतोस. जन्मभर लाटांवरून ओरडून बोललो, त्यामुळे मी खुशाली विचारली तरी समोरच्याला वाटतं हा भांडतोय. शिवाय फोन तुला मध्येच ठेवता येतो. पत्र आलं की माणूस शेवटपर्यंत वाचतो. मासेमारीची बंदी चालू आहे, मालप्याच्या सगळ्या बोटी धक्क्याला डोकी टेकून झोपल्या आहेत. मी सकाळी जाळी दुरुस्त करतो आणि दुपारी गिरिजाच्या पायात पायात येतो, असं ती म्हणते. आज तिने अळूच्या पानांचे पत्रोडे केलेत. वाफेचा वास इथपर्यंत येतोय.

निकालाचा कागद हातात आला. तुझी लेक अन्विता अठरा वर्षांची होईपर्यंत तिचा कायदेशीर पालक मी. फोनच्या पडद्यावरून कोर्टातलं तुला निम्मंच ऐकू आलं असणार, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

तिच्या डाव्या कानाच्या पडद्याला भोक आहे. लहानपणी कान वाहायचा, वनजा त्यात गरम तेलाचा बोळा धरायची, तुला आठवत असेल. आता त्या बाजूने हाक मारली तर पोरगी वळतच नाही. वर्गात बाई तिला उद्धट म्हणायला लागल्या, तेव्हा आम्हाला कळलं. डॉक्टर म्हणाले, पडदा शिवता येईल, पण उशीर केलात तर आहे तेवढंही ऐकू येणं जाईल. मी लगेच खिशातून पेन काढलं. शाळेत, बँकेत, दाखल्यावर, पोरीची आई गेल्यापासून मीच सही करत आलोय. इस्पितळाच्या खिडकीतल्या मुलीने विचारलं, "तुम्ही वडील?" मी म्हटलं, "नाही, मामा." ती म्हणाली, "मग नाही चालणार." मी म्हटलं, "अगं बाई, मामा आहे म्हणूनच तर सही करतोय!" ती बिचारी बेळगावकडची, तिला काय कळणार. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी दुसऱ्याच्या टोपलीतली सुरमई उचलून चाललोय.

बल्लाळ वकिलांनी समजावलं, की आपल्याकडे पोर आईच्या घराण्याचं आणि घरचा कर्ता मामा, हे सगळं खरं, पण इस्पितळ कायद्याने चालतं आणि कायदा आधी बापाला विचारतो. "एकदा त्याची परवानगी आणाल शेसप्पाण्णा, पुढच्या वेळी काय? दर सहीला त्याला समुद्रापार शोधत फिरणार?" तीन वर्षं तुझा फोन लागत नव्हता. मग अर्ज केला. कोर्टाची नोटीस कापूच्या घरी गेली आणि तुझ्या बहिणीने तुझा नवा नंबर काढून दिला.

कोर्टात मी काय केलं ते तुला कळलेलं नाही, कारण तेव्हा तुझा पडदा काळा होता. न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, "तुम्ही मुलीचे कोण?" मी ताठ उभा राहून म्हटलं, "मामा." माझ्या मते प्रश्न तिथेच संपला होता. त्या म्हणाल्या, "बरं, आणि तिचे वडील?" मी म्हटलं, "आहेत की, ओमानला. पण त्यांचा इथे काय संबंध?" मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. बल्लाळांनी कपाळाला हात लावला. बाई हसल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या, "संबंध नसता तर आपण सगळे सकाळपासून त्यांच्या फोनची वाट बघत बसलो नसतो." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, की अर्ज फेटाळला जाईल, कान तसाच राहील आणि पोरगी कोणाचीच ठरणार नाही.

तेवढ्यात तू दिसलास. निळा सदरा, मागे कुठलातरी धक्का, पांढरे पक्षी. बाईंचा आवाज ऐकून तू झटकन उभा राहिलास आणि पडद्यावर नुसती सदऱ्याची बटणं राहिली. त्या म्हणाल्या, "बसा हो, मला तुमच्याशी बोलायचंय, तुमच्या शर्टाशी नाही." तू बसलास. विचारल्यावर म्हणालास, "माझी हरकत नाही. पोर त्यांचीच आहे." त्यांनी विचारलं, मुलीशी बोलायचंय का? तू खाली बघून म्हणालास, कामावर जायचंय.

बल्लाळ खूश झाले. माझ्या मांडीला हळूच चापट मारून म्हणाले, सुटलो. अन्विता माझ्या डाव्या हाताला बसली होती, उजवा कान माझ्याकडे करून. ती म्हणाली, "मामा, बाबा किती वाळलेत ना? तिथे त्यांना जेवायला कोण वाढतं?" माझी सही चालावी म्हणून मी एवढे महिने खपलो आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

बाईंनी तिला आत खोलीत बोलावून एकटीशी गप्पा मारल्या. आत काय झालं ते मला पोरगी सांगेना. घरी आल्यावर तिने मामीला सांगितलं, आणि गिरिजाच्या पोटात काही राहत नाही. बाईंनी विचारलं होतं, तुला कोणाकडे राहायला आवडेल? ही म्हणाली, मामाकडेच, माझं घर आहे ते. मग म्हणाली, पण बाबांना आमच्या घरात राहायला बंदी आहे, ती तुम्हाला उठवता येईल का? आमच्या मासेमारीची बंदीसुद्धा दोन महिन्यांनी उठते ना.

उमानाथ, बंदी कोणी घातली नव्हती. वनजाचं दिवसकार्य झालं, आणि दुसऱ्या दिवशी तू बॅग घेऊन ओसरीवर आलास. बायको गेली की जावयाने तिच्या घरात राहायचं नाही, ही जुनी समजूत. जा असं कोणी म्हटलं नाही आणि थांब असंही नाही. मी तुला बसथांब्यापर्यंत सोडायला आलो, तुझी बॅगही धरली, आणि मला वाटलं सगळं रीतसर झालं. माझ्या वडिलांनी हेच पाहिलं, मी हेच पाहिलं. अन्विता पायरीवर बसून बघत होती. तिने मात्र वेगळंच पाहिलं, हे आता कळलं. गिरिजा म्हणते, "रीत तुमच्या घराण्याची, पण उपाशी कोण राहिलं?" तिच्या बोलण्याला मी सहसा उत्तर देतो. या वेळी उठून मागच्या खोलीची कडी काढली.

आता ज्यासाठी लिहितोय ते. शस्त्रक्रियेची तारीख पडली आहे, नारळी पौर्णिमेच्या आधी. परवा मी त्याच खिडकीत जाऊन कागद दाखवला आणि सही केली. त्या मुलीने या वेळी हसून खुर्ची दिली. नंतर डॉक्टरांनी अन्विताला विचारलं, शुद्धीवर येशील तेव्हा कोण समोर हवं? ती माझ्याकडे बघून घाबरली. मला वाईट वाटेल म्हणून बोलेना. मीच म्हटलं, सांग गं, मी मामा आहे, मला काही होत नाही. मग तिने तुझं नाव घेतलं. तर असं बघ, पोरीच्या हिताचं काय ते ठरवायचा हक्क कोर्टाने मला दिलाय, शिक्क्यासकट. पालक म्हणून मी पहिली गोष्ट ठरवली आहे ती ही, की तू यायचंस. कापूला नाही, इथे. बॅग मी आत नेऊन ठेवीन. मागची खोली गिरिजाने काल झाडून काढली, आणि तुला आत वाढायचं की ओसरीवर, हे विचारणारं या घरात आता कोणी नाही. ताट अन्विताने आधीच घासून ठेवलंय. आलास की तिच्या उजव्या बाजूला बस. डाव्या बाजूने ऐकू यायला अजून थोडे दिवस लागतील.

तुझाच,
शेसप्पाण्णा