झेंडूच्या पाल्याचा रस

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कालपासून तुझ्याशी बोलल्याशिवाय चैन पडत नाहीये. गेल्या महिन्यात, माझी खाज कशानं येते ते शोधायला, त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीवर निरनिराळ्या गोष्टींच्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. दोन दिवसांनी काढल्या, तेव्हा झेंडू-शेवंतीच्या पट्टीखालची कातडी लाल, बारीक फोडांनी भरलेली. वर्षानुवर्षं बिनघोर हाताळलेलं फूलही एखाद्या दिवशी सोसेनासं होतं, म्हणाल्या. शिवाय फूल आज लागतं आणि खाज उद्या-परवा सुटते. म्हणून संशय साबणावर जातो, पाण्यावर जातो, फुलावर जात नाही. मला एकदम दसऱ्याआधीची तोडणी आठवली. तू बांधावर बसली आहेस, बोटं भेगाळलेली, आणि झेंडूचाच पाला चुरगळून रस त्या भेगांत पिळते आहेस. उरलेला माझ्या खरचटलेल्या कोपराला. मी कळवळले की दटावतेस, "झोंबतंय म्हणजे लागू पडतंय." तुलाही हेच होतं का? तपासल्याशिवाय म्हणू नये, हे कळतं. पण डोक्यातून जात नाही.

काल मखमलाबादला आपल्या मळ्यात गेले होते. वहिनीचे हात अगदी तसे झालेत, भाकरी थापताना दात आवळते. शेजारी वाटीत पाल्याचा रस. मी सगळं सांगितलं: हे एकमेकांना लागत नाही, पण रस बंद कर, तोडणीला हातमोजे घाल, घरी आल्याबरोबर हात धुऊन मलम लाव, आणि एकदा दाखवून घे. ती हसली आणि तुझाच दाखला दिला. "ताई, तुमची पाठ शहरातली. आत्याबाईंनी जन्मभर हेच लावलं. त्या काय येड्या होत्या?"

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "शेवटी आईनंच बंद केलं होतं. यानंच वाढतंय, म्हणाली होती मला."

वहिनी उठली आणि वाटी मोरीत उपडी केली. सोमवारी डॉक्टरांकडे यायलाही तयार झाली. मला हायसं वाटतंय तोवर, पदराला हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग मला का नाय सांगितलं त्यांनी? त्यांच्या डोळ्यांसमोरच लावत होते की मी."

तू असं काहीच म्हणाली नव्हतीस, आई. ही पानं वहीतच राहतील. तिचे हात बरे झाले की तिला खरं सांगायचं, असं मी ठरवलंय. सांगेनच, असं मात्र लिहवत नाही.